प्लम हॉलोची ‘कांदा नको’ टीम

राज्य ग्रंथालय संघाच्या वसंतातल्या सभेला हार्लन क्विस्ट गेला, तेव्हा त्याचा चष्मा गाडीत राहिला. झालं ते एवढंच. पण पुढचा अग्निशमन दलाचा बंब, गाईंच्या गळ्यातल्या घंटा आणि संघाच्या अध्यक्षीणबाईंच्या पांढऱ्या कोटावर सांडलेला रानचेरीचा मुरंबा, या सगळ्याच्या मुळाशी तो चष्मा होता, असं हार्लन आजही शपथेवर सांगतो. त्याची बायको डोरीन म्हणते, मुळाशी चष्मा नव्हता, आळस होता. गाडी काही चंद्रावर लावलेली नव्हती.

सभेत ‘ग्रंथालयांचं भवितव्य’ या विषयावर भाषण चाललं होतं. अशी भाषणं नेहमी जेवणाच्या आधी ठेवतात, म्हणजे भवितव्याबद्दल नाही तरी जेवणाबद्दल माणसाला आशा राहते. त्या भाषणात टेबलावरून एक कागद फिरत आला. हार्लनने डोळे बारीक करून पाहिलं. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात ‘किती जण’ आणि चौथ्यात काहीतरी लांबलचक. जेवणाचा कागद, त्याने ठरवलं. आदल्या वर्षीचं सँडविच एका घासात संपलं होतं, हे लक्षात ठेवून त्याने स्वतःसाठी आणि डोरीनसाठी मिळून ‘चार’ लिहिलं. चौथ्या रकान्यात, आहाराविषयी विचारत असणार म्हणून, ठळक अक्षरात लिहिलं : ‘कांदा नको’.

जेवणात कांदा होता. हार्लनने त्याची मनातल्या मनात नोंद घेतली आणि विषय संपला असं समजून तो घरी परतला.

तो कागद संघाच्या शरद ऋतूतल्या वार्षिक संमेलनातल्या ग्रंथगाडी कवायत स्पर्धेचा होता. चार ग्रंथपाल, पुस्तकांच्या चार ढकलगाड्या, मागे बँडचं संगीत, आणि वळणं, सलामी, चौकोन, फुली. ग्रंथपाल वर्षभर लोकांना गप्प करतात, ते सगळं साठलेलं त्या दिवशी बाहेर पडतं. चौथ्या रकान्याचं शीर्षक ‘टीमचं नाव’ असं होतं.

संघाने आपलं पत्रक राज्यातल्या सगळ्या वर्तमानपत्रांना पाठवलं. पुढच्या गुरुवारी प्लम हॉलोच्या साप्ताहिकात, मक्याच्या भावाच्याही वर, बातमी आली : ‘आपलं ग्रंथालय स्टेटला! ‘कांदा नको’ टीमची निवड!’

प्लम हॉलोतून आजवर कुणीही स्टेटला, म्हणजे राज्य पातळीच्या स्पर्धेला, गेलं नव्हतं. फुटबॉल नाही, कुस्ती नाही, वादविवाद नाही. शेजारची गावं जायची. आपल्या वेशीवरच्या पाट्यांवर विजयाची वर्षं रंगवायची आणि आपण त्या पाट्यांसमोरून गाडी हाकत पशुवैद्याकडे जायचं. एकदाच गाव स्टेटच्या दारात पोचलं होतं. तेव्हा फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळतात त्या खेळाचा, कप्तान होता लॉइड क्रात्के, आणि शेवटच्या क्षणी चेंडू त्याच्या हातातून निसटला. आता लॉइड गावचा नगराध्यक्ष होता, दोनदा आजोबा झाला होता, पण गावात अजूनही लोक म्हणत, “पडला त्याच्या पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं.” काय पडला हे कुणी विचारत नसे.

हे सगळं ठाऊक असलेला हार्लन मंगळवारी नगरपरिषदेच्या सभेला गेला तो वेगळ्याच काळजीत. तिसरा विषय ग्रंथालयाचा होता : आठवड्यातून सहा दिवसांऐवजी दोन दिवस उघडं ठेवायचं आणि उरलेल्या दिवसांसाठी पेट्रोल पंपावर, बर्फाच्या पेटीशेजारी, पुस्तकांचं कुलूपबंद कपाट बसवायचं. हार्लनने भाषण लिहून आणलं होतं. संघाच्या अध्यक्षीण मॅक्सीन ऑडगार्ड यांनी आकडेही पुरवले होते. पण तो उभा राहायच्या आत लॉइडच उठला आणि टाळ्या वाजवायला लागला.

“हार्लन, लेका, बोलला नाहीस कधी! स्टेटला चाललास आणि इथे मेंढरासारखा बसलायस?”

“लॉइड, त्याचं असं झालं की...”

“लाजतोय बघा. किती टीमांना हरवलंत?”

“हरवलं असं कुणाला नाही...”

“म्हणजे थेट निवड!” लॉइडने सभेकडे वळून डोळे विस्फारले. “थेट! ऐकलंत?”

हार्लनने खरं सांगायला तोंड उघडलं. खरं असं होतं, की त्या स्पर्धेला निवड वगैरे काही नसते. कागदावर नाव लिहील तो स्टेटला. नाव लिहायला माणसं मिळत नाहीत म्हणून तो कागद जेवणाआधी, माणूस कशालाही सही करतो अशा वेळी फिरवतात. पण नेमक्या त्याच क्षणी शेजारी बसलेल्या डोरीनची टाच त्याच्या पायाच्या बोटांवर आली आणि उघडलेल्या तोंडातून फक्त “आ” बाहेर पडलं.

“भरून आलंय त्याला,” लॉइड म्हणाला. “स्टेटला जाणाऱ्या टीमचे सरावाचे दिवस कापतं का कुणी? तिसरा विषय तहकूब. संमेलन होऊ दे, मग नोव्हेंबरात बघू.”

घरी आल्यावर हार्लनने बूट काढून अंगठा पाहिला. “माझा पाय का चेचलास?”

“तोंडापर्यंत हात पोचला नसता म्हणून.”

“उद्या मी सगळ्यांना खरं सांगणार आहे.”

“सांग ना. दोन दिवस ग्रंथालय आणि उरलेले दिवस तू घरी. माझ्याकडे पोरं पियानो शिकायला येतील आणि तू प्रत्येकाला ‘श्श’ करशील. माझाही काही विचार कर की.”

हार्लनने रात्रभर विचार केला. तत्त्व आणि घर यांच्यात निवड करायची वेळ येते तेव्हा सुसंस्कृत माणूस तत्त्वाच्या बाजूने उभा राहतो आणि घरात झोपतो. सकाळी त्याने टीम बांधायला घेतली.

डोरीन होतीच. तिसऱ्या झाल्या बर्निस व्हाव्रा. या बाई हायस्कूलच्या बँडच्या निवृत्त मास्तरीण. ग्रंथालयात स्वयंसेवक म्हणून येत आणि पुस्तकं अशी लावत, की पुस्तकंही ताठ उभी राहत. त्या गळ्यात शिट्टी अडकवूनच आल्या. पण दारातच थांबल्या.

“हार्लन, मला एक विचारायचंय. कांदा नको म्हणजे काय?”

“ते नुसतं नाव आहे, बर्निसबाई.”

“तुला कांदा आवडत नाही?”

बर्निसबाई दर नाताळात हार्लनला स्वतः केलेला, कांद्याचं सारण भरून भाजलेला ‘पाय’ आणून देत. हार्लन दर नाताळात तो खाऊन, डोळ्यांत पाणी आणून, ‘वा’ म्हणत असे. ते पाणी भावनेचं आहे असा बाईंचा इतकी वर्षं समज होता.

“तसं... फारसा नाही,” तो पुटपुटला.

बाईंनी शिट्टी ओठात धरली, काढली, पुन्हा धरली. “कवायतीत तू सगळ्यात मागे राहशील,” त्या म्हणाल्या. बदल्याची भाषा बँडवाल्यांना बरोबर कळते.

चौथा माणूस कुंपणावरून आला. शेजारी अर्विन टेश याचा कांद्याचा वाफा त्या कुंपणाला लागूनच होता आणि बातमी आल्यापासून तो हार्लनशी बोलत नव्हता. बोलत नव्हता म्हणजे, फक्त कांद्यांशी बोलत होता, पण हार्लनला ऐकू जाईल अशा आवाजात. “मोठे व्हा, बाळांनो. तुम्ही काही लोकांना नको आहात, पण मोठे व्हा.” डोरीनने पलीकडे जाऊन त्याला टीममध्ये बोलावलं, तेव्हा त्याने दोन अटी घातल्या. एक, तो पुस्तक वाचणार नाही. दोन, गाड्यांच्या चाकांचं सगळं तो बघणार.

“पुस्तक वाचायचं नाहीये, अर्विन, ढकलायचंय,” डोरीन म्हणाली.

“मग ठीक.”

ग्रंथालयात गाड्या दोनच होत्या. तिसरी वृद्धाश्रमातून उसनी आणली. ती जेवणाची होती आणि तिला मांसाच्या रश्श्याचा असा वास होता, की सरावाला बसलेली कुत्री फक्त तिच्याच मागे जात. चौथी अर्विनने स्वतः बनवली : जुनं कपाट आडवं करून त्याला गवत कापायच्या यंत्राची चाकं लावली. ती उजवीकडे वळत नसे. बर्निसबाईंनी सगळी कवायत डाव्या वळणांची बसवली.

मग विम्याचं निघालं. नगरपरिषदेच्या चिटणिसाने सांगितलं, की नगराच्या मालकीची वस्तू तालुक्याबाहेर जाणार असेल तर तिचा विमा हवा. विमा एजंट आला, गाड्यांभोवती दोनदा फिरला आणि आपल्या जाडजूड पुस्तकात शोधायला लागला.

“इंजिन नाही. चाकं चार. माणूस मागून ढकलतो. जनावर जोडत नाही ना?”

“नाही,” हार्लन म्हणाला.

“मिरवणुकीत चालते?”

“कवायतीत.”

“म्हणजे मिरवणूक. मग ही शेतीची अवजारं होतात. गवताची गाडी, नांगर, त्या वर्गात. प्रत्येकीच्या मागे सावकाश जाणाऱ्या वाहनाचा नारिंगी त्रिकोण लावावा लागेल.”

“अहो, ही सभागृहाच्या आत चालणार आहे! तिथे मागून कोण येऊन धडकणार?”

एजंटने शांतपणे पुस्तक मिटलं. “क्विस्ट, धडकणारा आधी कळवत नाही.”

तर चारही गाड्यांच्या पाठीवर थाळीएवढे चकचकीत नारिंगी त्रिकोण आले. हार्लनने आयुष्यभर करडे कोट घातले होते. आरशात त्याने स्वतःला आणि त्रिकोणाला एकत्र पाहिलं आणि आरसाच भिंतीकडे वळवून ठेवला.

गावाला मात्र त्रिकोण फार आवडले. लोकांनी ते आपल्या गाड्यांच्या मागे लावले. धान्याच्या कोठारावरच्या पाटीवर, जिथे रोज मक्याचा भाव लिहीत, तिथे ‘कांदा नको, करंडक हवा’ असं झळकलं आणि शेतकऱ्यांना भाव विचारायला पलीकडच्या गावाला फोन करावे लागले. लूथरन चर्चच्या बायकांनी टीमसाठी रात्रीचं जेवण ठेवलं. झाडून सगळे पदार्थ बिनकांद्याचे. खिमा-बटाटा बिनकांद्याचा, घेवडा बिनकांद्याचा, आणि थरथरत्या हिरव्या जेलीत गाजर घातलेलं ते कोशिंबिरीसारखं, तेही बिनकांद्याचं. त्यात कांदा आजवर कुणी घातलेला नव्हता, पण करणारणीने उठून तसं जाहीर केल्यावर टाळ्या पडल्या. हार्लनच्या आयुष्यात त्याच्या आवडीनिवडीची गावाने एवढी कदर कधीच केली नव्हती. पण हे सगळं खोट्यावर उभं आहे हे आठवून त्याचा घास अडकला. बर्निसबाईंनी पाठीत गुद्दा घालून तो सोडवला. गुद्दा गरजेपेक्षा जोरात होता.

सल्ला देणाऱ्यांची तर रांग लागली. नाभिकाने सांगितलं, वळताना कान खाली करा, हवा कमी लागते. बँकेच्या मॅनेजरला वाटे, की प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्याला डोळा भिडवावा. प्रतिस्पर्धी कोण असतात हो, असं हार्लनने विचारल्यावर तो गंभीर होऊन म्हणाला, “तेच तर. कुणीही असू शकतं.” लॉइड रोज संध्याकाळी चर्चच्या तळघरात सरावाला येऊन भिंतीशी उभा राही. एकदा हार्लनच्या गाडीवरून पुस्तक पडलं. लॉइडने झेप घेऊन ते जमिनीला लागायच्या आत पकडलं आणि बराच वेळ छातीशी धरून ठेवलं.

तळघराची फरशी खडबडीत, भेगाळलेली. गाड्या ढकलताना चौघांना दरदरून घाम येई. चाकं जड जातात अशी हार्लनने तक्रार केली, ही त्याची दुसरी चूक. “चाकांचं मी बघतो,” अर्विन म्हणाला, आणि संमेलनाच्या आदल्या दिवशी त्याने, ट्रॅक्टर दुरुस्त करायचा त्या काळात स्वतः शोधून काढलेलं, डब्यावर नाव नसलेलं काळं वंगण सोळाही चाकांना चोपडलं.

संमेलनाच्या सकाळी अग्निशमन दलाचा बंब घंटा वाजवत टीमला तालुक्याच्या हद्दीपर्यंत सोडायला आला. मागे शाळेच्या दोन पिवळ्या बसगाड्या भरून गाव. राजधानीतल्या त्या हॉटेलात ग्रंथपाल दबक्या आवाजात कॉफी पीत उभे होते. तेवढ्यात दारातून नारिंगी टोप्या घातलेला, गाईंच्या घंटा वाजवणारा जमाव “कांदा नको! कांदा नको!” असं ओरडत आत शिरला. स्वयंपाकघरातून मुख्य आचारी हात जोडत बाहेर आला, की काय चुकलं ते तरी सांगा.

मॅक्सीन ऑडगार्डबाई पांढऱ्या कोटात लगबगीने आल्या. उंच, सडपातळ, आणि संघाचं अध्यक्षपद म्हणजे भरलेला दुधाचा पेला असल्यासारख्या जपून चालणाऱ्या.

“क्विस्ट, हे सगळे तुमचे वाचक?”

“वाचक असं नाही म्हणता येणार,” हार्लन प्रामाणिकपणे म्हणाला.

“एवढी माणसं! आमच्या संमेलनाला आजवर कुणी प्रेक्षक म्हणून आलेलंच नाही.” त्यांना भरून आलं. “तुमच्या नगरपरिषदेच्या पुढच्या सभेला मी स्वतः येईन. संघ तुमच्या पाठीशी आहे.”

स्पर्धेत टीमा होत्या तीन. पहिली विद्यापीठाची : गाड्यांना निळे दिवे, हातात पांढरे मोजे, वळणं अशी की रेशीम उलगडतंय. दुसरी राजधानीच्या उपनगराची, सगळ्या मधमाश्या झालेल्या. हार्लन पडद्याआडून पाहत होता.

“फरशी बघितलीस?” डोरीन कुजबुजली.

हार्लनने बघितली. नाचासाठी घासूनपुसून मेण लावलेली, झुंबरं उलटी दिसतील अशी फरशी. त्याने अर्विनकडे पाहिलं. अर्विनने अंगठा वर करून दाखवला. अंगठा काळा होता.

बर्निसबाईंची शिट्टी वाजली, बँडचं संगीत सुरू झालं, गावाने आरोळी ठोकली. चौघांनी तळघरातल्या सवयीने गाड्यांना जोर दिला आणि गाड्या सुटल्या.

त्या निघाल्या असं म्हणता येणार नाही. त्या सुटल्या. बर्निसबाई पाठीचा कणा न वाकवता, शिट्टी फुंकत, सरळ रेषेत सभागृह ओलांडून समोरच्या दारातून बाहेर गेल्या. पुढचा बराच वेळ त्यांची शिट्टी दालनाच्या वेगवेगळ्या बाजूंनी ऐकू येत राहिली. अर्विनची गाडी डावीकडे वळली आणि डावीकडेच वळत राहिली. तो तिच्याभोवती की ती त्याच्याभोवती, हे परीक्षकांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. डोरीनने शहाणपणा करून आपल्या रश्श्याच्या गाडीवर बसूनच घेतलं आणि पहिल्या रांगेपुढून हात हलवत गेली. हार्लनला मात्र थांबायचं होतं. त्याने टाचा रोवल्या. मेणावर टाचा रोवल्या जात नाहीत. तो गाडीच्या मागे लोंबकळला, मग वर आडवा पडला आणि करडा कोट, नारिंगी त्रिकोण व त्याच्या नाकाखाली उघडलेल्या विश्वकोशाच्या खंडासह तो मदतनिधीच्या टेबलाकडे निघाला. तिथे निवृत्त ग्रंथपालांनी घरी केलेल्या मुरंब्यांच्या बरण्या लिलावासाठी मांडलेल्या होत्या आणि त्या बरण्यांमागे, अध्यक्षपदाला साजेसं हसत, मॅक्सीनबाई उभ्या होत्या.

“बाजूला व्हा!” हार्लन ओरडला. पण उभा जन्म हळू बोलण्यात गेलेला. आणीबाणीतही तोंडून कुजबूजच बाहेर पडली.

बरण्या फुटल्या त्या आवाजाने संगीत बंद पडलं. मॅक्सीनबाई खुर्चीत बसल्यासारख्या दिसत होत्या. खुर्ची नव्हती. त्यांच्या कोटाचा रंग आता सांगता आला नसता.

निकाल लागला. विद्यापीठ पहिलं, मधमाश्या दुसऱ्या, ‘कांदा नको’ तिसरे. परीक्षकांनी त्रिकोणांबद्दलही गुण कापले होते, सौंदर्यदृष्टीला बाधा म्हणून. ते ऐकून गाव खवळलं. “लुटलं! लुटलं!” घंटा बडवत माणसं खुर्च्यांवर चढली. लॉइडचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. आता हाणामारी होते की काय असं वाटलं, तोच सभागृहातल्या सगळ्या ग्रंथपालांनी, एका वेळी, सवयीने, ओठांवर बोट ठेवलं.

“श्श्श!”

आणि प्लम हॉलो गप्प झालं. दणकट शेतकरी, बंबवाले, खुद्द नगराध्यक्ष, सगळे लहानपणी शिकलेलं विसरले नव्हते. ते खुर्च्यांवरून उतरले, खुर्च्या सरळ केल्या आणि पाय न वाजवता बाहेर पडले.

परतीच्या प्रवासात हार्लन खिडकीला कपाळ टेकून बसला होता. केसांत मुरंबा वाळला होता. त्याच्या मनात एकच विचार घोळत होता : हरलो ते हरलो, पण ही माणसं आपल्यासाठी रडताहेत आणि ज्यासाठी रडताहेत ते मुळात घडलंच नव्हतं. नोव्हेंबरच्या सभेत ते कपाट पेट्रोल पंपावर बसलं तरी चालेल, पण हे आता पोटात ठेवायचं नाही. त्याने डोरीनला तसं सांगितलं. तिने या वेळी पाय पुढे केला नाही. फक्त त्याच्या केसांतली चेरीची एक बी काढून रुमालात ठेवली.

नोव्हेंबरच्या सभेला जागा पुरेना. मॅक्सीनबाई नवा कोट घालून, शब्द पाळायला दोनशे मैल गाडी हाकत आल्या होत्या. त्यांनी तक्ते लावले. वाचणाऱ्या मुलांचे आकडे दिले, म्हाताऱ्यांना ग्रंथालयात फॉर्म कोण भरून देतं, वादळात ऊब कुठे मिळते, सगळं सांगितलं. भाषण खरंच चांगलं होतं. लॉइडने हात वर करून ते मध्येच थांबवलं.

“बाई, त्रिकोणाचे किती गुण कापले?”

“मी ग्रंथालयाच्या दिवसांबद्दल बोलत होते...”

“त्रिकोण कायद्याने लावलेला होता. विमा एजंट इथे बसलाय. ऊठ रे, दाखव पुस्तक.”

एजंट उठला. मागून “लुटलं!” असा आवाज आला. मॅक्सीनबाईंनी हातातला तक्ता ढालीसारखा छातीशी धरला. हार्लनला ते बघवेना. तो उभा राहिला.

“लॉइड, थांब. यांचा काही दोष नाही. दोष माझा आहे. आपली निवड झालीच नव्हती. कुणाचीच होत नाही. नाव लिहिलं की जाता येतं. आणि मी नाव लिहिलं तेही चुकून. मला वाटलं जेवणाचा कागद आहे. कांदा नको म्हणजे, मला खरंच फक्त कांदा नको होता.”

सभागृहात एवढी शांतता पसरली, की हार्लनला व्यवसायाचं समाधान वाटलं असतं. अर्विनने टोपी काढली. बर्निसबाईंच्या गळ्यातली शिट्टी वर-खाली होत होती. लॉइड टेबलामागून उठला, हार्लनजवळ आला आणि त्याच्या कानाशी वाकला.

“मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, लेका. माझी मेव्हणी उत्तरेकडे ग्रंथपाल आहे. खाली बस.”

“मग तू बोलला का नाहीस?”

“दोन बसगाड्या भरल्या होत्या, हार्लन. मी खेळायचो तेव्हा एकच भरली होती.” तो खाकरला आणि सभेकडे वळून मोठ्याने म्हणाला, “ग्रंथपालांना विनयाने बोलायची सवय आहे, तिकडे लक्ष देऊ नका. मुद्दा असा, की दोन दिवसांच्या ग्रंथालयात टीम सराव कधी करणार? पेट्रोल पंपावर? सहा दिवस राहू द्या, आणि गुरुवारी संध्याकाळीही उघडा. कोण विरोधात आहे? हात वर करा, म्हणजे मला बघता येईल.”

हात कुणी वर केला नाही. हार्लनचं बोलणं ऐकू तर सगळ्यांना आलं होतं. पण वेशीवरच्या पाटीवर ‘स्टेट’ हा शब्द कालच रंगवून झाला होता आणि रंग पक्का होता.

“आणि बाई,” लॉइड मॅक्सीनबाईंकडे वळला, “निवड होत नाही हे बरोबर नाही. पुढच्या वर्षापासून रीतसर जिल्हावार फेऱ्या घ्या. मग आम्ही दाखवतो.”

मॅक्सीनबाईंनी दाराकडे पाहिलं. दारात घंटा घेऊन माणसं उभी होती. “घेऊ,” त्या म्हणाल्या. “संघ नेहमीच सूचनांचं स्वागत करतो.”

त्यानंतरच्या सोमवारी ग्रंथालय उघडायला आणि लॉइड क्रात्के आत यायला एकच गाठ पडली. नगराध्यक्ष झाल्यापासून तो या इमारतीत फक्त छप्पर गळतं का ते बघायला आला होता. त्याने टोपी काढून हातात धरली आणि इकडेतिकडे बघत टेबलापाशी आला.

“मला एक पुस्तक हवंय,” तो म्हणाला. “चाकांचं. म्हणजे गुळगुळीत फरशीवर चाक कसं वागतं, तसलं काही.”

हार्लनने आधी चष्मा पुसला, मग सभासदत्वाचं कार्ड काढलं आणि लॉइडचं नाव सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं.

“आपल्याकडे तशी तीन पुस्तकं आहेत. तिन्ही अर्विनकडे गेली आहेत.”

“अर्विन टेश? तो वाचतो?”

“शनिवारपासून.”

“मग मागवून घे ना. मी नगराध्यक्ष आहे.”

“मुदत संपेपर्यंत मागवता येत नाहीत. नियम आहे.” हार्लनने हे अशा हळू, भारदस्त आवाजात सांगितलं, की कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाने उगीचच आपले पाय नीट जुळवून घेतले. “प्रतीक्षायादीत नाव लावतो तुझं. तिसरं लागेल.”

लॉइड टेबलावर कोपरं टेकून वाकला. “पहिलं कुणाचं?”

“बर्निसबाईंचं.”

“आणि दुसरं?”

हार्लनने कार्डावरची शाई टिपकागदाने टिपली, कार्ड त्याच्यासमोर सरकवलं आणि म्हणाला, “माझं.”